विहिरींचा नकाशा रंगवायचा कसा?

प्रश्न: ताई, आम्ही गावातल्या पोरांनी मे महिन्यात 46 विहिरींचं पाणी टेप सोडून मोजलं, मोबाईलवर लोकेशन घेतलं, सगळं एक्सेलमध्ये आहे. ग्रामसभेत शीट दाखवली तर कोणाला काही कळेना. क्यूजीआयएस या नकाशे करायच्या सॉफ्टवेअरमध्ये टाकून लाल-निळा हीटमॅप केला तर चालेल का? टँकर आधी कोणत्या वस्तीला आणि पुनर्भरण, म्हणजे पाणी जमिनीत मुरवायचं काम कुठे, हे ठरवायचंय. (एक वाचक, बीड जिल्हा)

उत्तर: दादा, मेच्या उन्हात 46 विहिरी फिरून मोजल्यात, त्या कामाचं खूप कौतुक वाटलं. पण हीटमॅप नका करू, निदान ग्रामसभेत तरी नको. सॉफ्टवेअर दोन विहिरींच्या मधली जागा अंदाजाने रंगवतं आणि आपल्याकडे खाली काळा पाषाण, पाणी असतं ते मुरमात नाहीतर खडकाच्या भेगांत, म्हणून तर एका गटात पाणी लागतं आणि बांधापलीकडची विहीर कोरडी ठाक. मधला तो निळा पट्टा कोणीच मोजलेला नसतो, पण छापून भिंतीवर लागला की लोक तो खरा धरतात आणि त्याच्या भरवशावर कोणीतरी कर्ज काढून बोअर घेतं. मला याचीच भीती वाटते.

त्यापेक्षा एक विहीर, एक ठिपका. खाली सॅटेलाइट इमेज, त्यावर ओढा, रस्ता, देऊळ आणि वस्त्यांची लोकांच्या तोंडात असलेली नावं. कोरडी विहीर म्हणजे पोकळ गोल, विहिरीत परसभरापेक्षा (परस म्हणजे पुरुषभर उंची) कमी पाणी असेल तर फिकट निळा, जास्त असेल तर गडद, बस. मीटर एक्सेलमध्ये राहू द्या, नकाशावर परसच लिहा. झेरॉक्स काढली तरी हे कळतं, लाल-हिरवं कळत नाही.

आणि तुमचे प्रश्न दोन आहेत तर नकाशेही दोन करा. टँकरसाठी ठिपक्याचा आकार त्या विहिरीवर पाणी भरणाऱ्या घरांवरून ठरवा. पुनर्भरणासाठी नुसती खोली बघून फसाल, कारण माळावरची विहीर खोलच दिसणार. तिथल्या जमिनीच्या उंचीतून पाण्याची खोली वजा करा (कठड्यापासून मोजलं असेल तर आधी कठडा वजा), म्हणजे पाणी कुठून कुठे सरकतंय याचा अंदाज येतो. उंची मात्र मोबाईलची घेऊ नका, ती बरीच चुकते.

फाईल टाकताना X च्या रकान्यात रेखांश म्हणजे तुमचा 75 वाला आकडा, Y च्या रकान्यात अक्षांश म्हणजे 18-19 वाला, उलटं झालं तर अख्खं गाव नॉर्वेच्या वर समुद्रात दिसेल.

एका मोजणीवर थांबू नका. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरी जानेवारी, मार्च, मे, ऑक्टोबर अशा वर्षातून 4 वेळा मोजते, तुम्ही निदान ऑक्टोबरला तरी त्याच विहिरी परत मोजा. आणि सभेच्या आठ दिवस आधी मोठी प्रिंट चावडीवर लावा, शेजारी दोरीला पेन बांधा, चुकलेली विहीर म्हातारी माणसंच दाखवून देतील.