सात फंड, जोखीम एकच
वाचकांचे प्रश्न : शेअर, रोखे आणि सोनं

प्रश्न : आम्ही दोघंही खासगी नोकरीत, वय ३८ आणि ३६. सात इक्विटी फंडांत मिळून १४ लाख, पीपीएफमध्ये ६ लाख, दोघांच्या ईपीएफमध्ये ९ लाख, १ लाखाचे (सोन्याच्या भावाशी जोडलेले सरकारी) सुवर्ण रोखे, ४ लाखांची एफडी आणि घरात अठरा तोळे दागिने आहेत. दरमहा ३० हजार शिल्लक पडतात. सात फंड आहेत म्हणजे पैसा पुरेसा विभागला गेलाय ना?
– एक वाचक, सातारा

उत्तर : सातही फंडांची गेल्या महिन्याची फॅक्टशीट (फंडाने काय घेतलंय ते सांगणारं पत्रक) काढा आणि प्रत्येकातले पहिले दहा शेअर एका कागदावर उतरवा. लार्जकॅप (मोठ्या कंपन्यांचे), फ्लेक्सीकॅप (लहान-मोठ्या सगळ्या कंपन्यांचे) आणि ईएलएसएस (कर वाचवणारे) असा संच असेल तर एचडीएफसी बँक, आयसीआयसीआय बँक, रिलायन्स हीच नावं पुन्हा पुन्हा येतील. बाजार पडेल त्या दिवशी सातही फंड एकत्र पडतील. फंडांची संख्या वाढली म्हणजे जोखीम विभागली, असं होत नाही. दोन गोष्टी वेगवेगळ्या कारणांनी आणि वेगवेगळ्या वेळी पडतात का, एवढंच तपासायचं असतं.

आता तुमचा हिशोब. ४ लाखांची एफडी अडीअडचणीसाठी बाजूला ठेवा. सहा महिन्यांचा घरखर्च त्यात भागत असेल तर ती रक्कम योग्य आहे, पण दीर्घ मुदतीच्या गुंतवणुकीत ती धरू नका. दागिनेही धरू नका. जे मोडायला घरात कोणी तयार होणार नाही, ते विकून शेअरचा कमी झालेला वाटा भरून काढता येत नाही. मग उरतात ३० लाख : शेअर १४, रोखे १५ (पीपीएफ आणि ईपीएफ हे वागणुकीने रोखेच), सोनं १. म्हणजे साधारण ४७, ५० आणि ३ टक्के.

पैसा वीस वर्षांनी लागणार असेल तर आमच्या मते तुम्हाला ६० टक्के शेअर, ३० टक्के रोखे आणि १० टक्के सोनं हे प्रमाण बसेल. त्याआधी एक आकडा पचतो का बघा. सेन्सेक्स ८ जानेवारी २००८ ला २०,८७३ वर बंद झाला होता आणि २७ ऑक्टोबरला ८,५०९ वर. ही घसरण जवळपास ५९ टक्क्यांची. तुमच्या ३० लाखांपैकी १८ लाख शेअरमध्ये असते तर दहा महिन्यांत साडेदहा लाख कागदावरून गेले असते. त्याच वर्षी रुपयातलं सोनं वाढलं होतं आणि पीपीएफचं व्याज नेहमीसारखं जमा झालं होतं. तिन्ही एकत्र ठेवायची ती याचसाठी. तरीही साडेदहा लाखांचा खड्डा बघून एसआयपी बंद कराल असं वाटत असेल, तर आजच ५० टक्क्यांवर थांबा. पडझडीत विकावी लागणारी ६० टक्क्यांची गुंतवणूक, निभावता येणाऱ्या ५० टक्क्यांपेक्षा महाग पडते.

प्रमाण बदलण्यासाठी पीपीएफ किंवा ईपीएफमधून काहीही काढू नका. नव्या पैशाची दिशा बदला. ईपीएफ पगारातून कापला जातोच, तेवढी भर रोख्यांना पुरे. पीपीएफ खातं चालू राहण्यासाठी वर्षाला किमान ५०० रुपये भरा. तीस हजारांपैकी २४ हजार शेअरमध्ये, ६ हजार सोन्यात. दोघांचा मिळून ईपीएफ महिन्याला ८ हजार जमा होतो असं धरलं आणि भाव, व्याज काहीच हललं नाही असं समजलं, तर पाच वर्षांनी प्रमाण ५४, ३७ आणि ९ च्या आसपास येतं. गती सावकाश वाटेल, पण त्यात एका रुपयाचाही कर नाही.

सात फंडांचे दोन-तीन करा : निफ्टी ५० चा इंडेक्स फंड (निर्देशांकातलेच शेअर त्याच प्रमाणात घेणारा) आणि सोबत एखादा निफ्टी नेक्स्ट ५० किंवा फ्लेक्सीकॅप. जुने सगळे एका दिवसात विकू नका. वर्षाच्या आत काढलेल्या युनिटवर बहुतेक फंडांत एक टक्का एक्झिट लोड (लवकर काढल्याचं शुल्क) असतो, ईएलएसएसचा प्रत्येक हप्ता स्वतंत्रपणे तीन वर्षं अडकलेला असतो. एक वर्षाहून जुन्या इक्विटी युनिटवरचा १.२५ लाखांपर्यंतचा वार्षिक नफा करमुक्त, त्यापुढच्या नफ्यावर १२.५ टक्के कर. ही मर्यादा पती-पत्नीला वेगवेगळी मिळते, त्यामुळे दोन-तीन आर्थिक वर्षांत विभागून काढलं तर कर बहुधा लागणारच नाही. फंड रेग्युलर प्लॅनमध्ये (वितरकाचं कमिशन धरलेल्या) असतील तर तेही याच ओघात डायरेक्ट (कमिशन नसलेले) करा. मात्र त्याच योजनेत रेग्युलरमधून डायरेक्टमध्ये जाणं हीसुद्धा कराच्या दृष्टीने विक्रीच असते. १४ लाखांवर एक टक्का जादा खर्च म्हणजे दर वर्षी १४ हजार, आणि तो खात्यावर वेगळा कापलेला दिसत नाही.

प्रश्न : निवृत्त आहे, वय ६४. हाताशी ४० लाख. एका ॲपवर ११ टक्के व्याजाचे 'सिक्युअर्ड' कंपनी रोखे दिसतात. गावातल्या पतसंस्थेतही ५ लाख आहेत. रोखे म्हणजे सुरक्षितच, मग जास्त व्याजाचे का घेऊ नयेत?
– एक वाचक, नाशिक जिल्हा

उत्तर : सरकार साडेसहा-सात टक्क्यांना कर्ज उचलतं तिथे एखादी कंपनी ११ देते, कारण तिला त्याहून स्वस्तात कोणी देत नाही. वरचे चार टक्के म्हणजे मुद्दल बुडण्याच्या शक्यतेची किंमत आहे. आणि कमकुवत कंपन्या हप्ते चुकवतात त्या मंदीत, म्हणजे नेमके शेअर पडलेले असतात तेव्हा. अशा वेळी तुमचा 'रोखे' नावाचा भाग शेअरबरोबरच कोसळतो.

'सिक्युअर्ड' शब्दावर थांबू नका. माहितीपत्रकात तारण काय आहे ते वाचा. बऱ्याच वित्त कंपन्यांच्या रोख्यांना तारण असतं ते त्यांनी वाटलेल्या कर्जांतून यायच्या पैशाचं. कर्जदारांनी पैसे थकवले की तारणही आटतं. पतमानांकन कोणतं आणि कोणत्या तारखेचं, हे बघा, पण त्यावर विसंबून राहू नका. पायाभूत प्रकल्पांना पैसा पुरवणाऱ्या आयएल अँड एफएसला ऑगस्ट २०१८ पर्यंत सर्वोच्च मानांकन होतं आणि सप्टेंबरमध्ये ती कंपनी थकबाकीदार ठरली. मार्च २०२० मध्ये येस बँकेचे ८,४१५ कोटींचे एटी-१ रोखे (बँक अडचणीत आली तर मुद्दलही बुडू शकतं असे) शून्यावर आणले गेले.

पतसंस्थेतल्या ५ लाखांबद्दल स्पष्ट लिहितो. ठेव विम्याचं ५ लाखांचं संरक्षण बँकांना आहे, सहकारी बँकाही त्यात येतात. पतसंस्था येत नाहीत. मुदत संपेल तसे ते पैसे बाहेर काढा.

४० लाखांतले ठरलेले रोखे असे उभे करा. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत एका व्यक्तीला ३० लाखांपर्यंत ठेवता येतात, मुदत ५ वर्षं, सध्याचा दर ८.२ टक्के. २० लाख ठेवले तर दर तिमाहीला ४१ हजार हाती येतात. त्याच्या जोडीला रिझर्व्ह बँकेचे फ्लोटिंग रेट बचत रोखे आहेत. त्यांचं व्याज एनएससीच्या (राष्ट्रीय बचत प्रमाणपत्राच्या) दरापेक्षा ०.३५ टक्का जास्त असतं आणि १ जानेवारी, १ जुलैला नव्याने ठरतं. मुदत सात वर्षं. ६० ते ७० वयाच्या धारकाला सहा वर्षांनंतर थोडी कपात सोसून बाहेर पडता येतं, त्याआधी नाही. म्हणून औषधपाण्याचा पैसा यात घालू नका. दोन्हींचं व्याज करपात्र आहे.

सरकारी रोखे थेट हवे असतील तर आरबीआय रिटेल डायरेक्टचं खातं विनाशुल्क उघडतं आणि १० हजारांपासून खरेदी होते. फक्त मुदत पाहून घ्या. दहा वर्षांचा रोखा घेतला आणि बाजारातले व्याजदर एका टक्क्याने वाढले तर त्याचा भाव साधारण सात टक्क्यांनी उतरतो. मुदतीपर्यंत ठेवणाऱ्याला त्याची झळ नाही, दुसऱ्या वर्षी गरज पडून विकणाऱ्याला आहे. तीन वर्षांनी लागणाऱ्या पैशासाठी तीन वर्षांचाच रोखा घ्या.

प्रश्न : दरवर्षी पाडव्याला आणि दसऱ्याला एक-एक तोळा घेतो. सरकारी सुवर्ण रोखे बंद झाल्यावर दागिनाच बरा की वेढणं, ईटीएफ, डिजिटल सोनं?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : लेकीसाठी, घरच्या कार्यासाठी घ्यायचं ते हौसेने घ्या. गुंतवणूक म्हणून घेताना मात्र सराफाची पावती समोर ठेवून मोजा. हिशोब सोपा जावा म्हणून दागिन्यात एक लाखाचं सोनं आहे असं धरू. घडणावळ १२ टक्के, झाले १,१२,०००. त्यावर ३ टक्के जीएसटी, झाले १,१५,३६०. दुसऱ्या दिवशी मोडायला गेलात तर घडणावळ आणि कर दोन्ही गेले, वर तीन टक्के घट धरली तर हातात ९७,०००. सोन्याचा भाव १९ टक्के वाढेल तेव्हा तुम्ही बरोबरीला येता. खडे आणि मीनाकारी असेल तर आणखी मागे, कारण मोडताना त्यांचं वजन वजा होतं. वेढण्याला एक टक्का मजुरी पडली तर तेच १,०४,०३० ला मिळतं. एचयूआयडी (प्रत्येक दागिन्याचा वेगळा ओळख क्रमांक) असलेला हॉलमार्क आणि पावती दोन्ही जपून ठेवा.

गुंतवणुकीसाठी आमची पसंती गोल्ड ईटीएफला (शेअरसारखा बाजारात घेता-विकता येणारा सोन्याचा फंड), डीमॅट नसेल तर गोल्ड फंडाला. युनिट घेताना जीएसटी नाही, घडणावळ नाही, तिजोरीची चिंता नाही. वर्षाचा खर्च तेवढा असतो, तो तुलना करून निवडा. ईटीएफ घेताना त्या क्षणाचं सूचक मूल्य फंडाच्या संकेतस्थळावर बघा आणि त्याच्या आसपासचीच लिमिट ऑर्डर (आपण ठरवलेल्या भावाची) टाका. उलाढाल कमी असलेल्या ईटीएफमध्ये मार्केट ऑर्डर (मिळेल त्या भावाची) टाकली की एक-दोन टक्के सहज जातात. मुहूर्ताच्या गर्दीत तर हमखास. दीर्घ मुदतीच्या नफ्यावर १२.५ टक्के कर आहे. ईटीएफला ती मुदत १२ महिने, गोल्ड फंडाला आणि प्रत्यक्ष सोन्याला २४ महिने.

डिजिटल सोन्यावर ३ टक्के जीएसटी लागतो, खरेदी-विक्रीच्या भावात अंतर असतं आणि ते सेबीच्या देखरेखीखाली येत नाही. सेबीने नोव्हेंबर २०२५ मध्ये तसा जाहीर इशाराही दिला. ते सोडा. सुवर्ण रोख्यांची शेवटची मालिका फेब्रुवारी २०२४ ची. जुने रोखे शेअर बाजारात मिळतात, पण अनेकदा सोन्याच्या भावापेक्षा चढ्या दराने. मूळ अर्जदाराला मिळणारी करसवलत आपल्यालाही मिळेल असं धरून तो चढा दर देऊ नका.

प्रमाण दहा टक्के, फार तर पंधरा. सोनं पडून राहतं तेव्हा फार काळ पडून राहतं, हे अलीकडच्या तेजीत विसरलं जातं. जानेवारी १९८० मध्ये औंसाला ८५० डॉलर झालेलं सोनं तो भाव ओलांडायला जानेवारी २००८ उजाडावं लागलं. आपल्याकडेही २०१२ मध्ये दहा ग्रॅमला तीस-एकतीस हजार होता, तो २०१८ मध्येही तिथेच होता. शिवाय आपला भाव डॉलर, रुपया आणि आयात शुल्क या तिघांवर ठरतो. जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात शुल्क १५ वरून ६ टक्क्यांवर आलं आणि जगात काही घडलेलं नसताना इथलं सोनं उतरलं.

प्रश्न : पाच वर्षांपूर्वी ६०-३०-१० ने सुरुवात केली. आज शेअर २१ लाख, रोखे साडेआठ, सोन्याचा ईटीएफ साडेपाच लाख. दरमहा २० हजार घालतो. सोनं विकावं का? अजून चढेल असं सगळे म्हणतात.
– एक वाचक, ठाणे

उत्तर : एकूण ३५ लाखांत तुमचं सोनं १५.७ टक्के झालंय, रोखे २४ वर आलेत. ठरलेल्या प्रमाणापासून पाच टक्क्यांहून जास्त सरकलं की हात घालायचा, हा नियम धरला तर वेळ आली आहे. गणितही नेमकं बसतं : सोन्यातले २ लाख रोख्यांत नेले की २१, साडेदहा आणि साडेतीन.

पण आधी विकू नका. पुढचे दहा महिने सगळे २० हजार रोख्यांत घाला. भाव तसेच राहिले तर रोखे साडेदहा लाख होतात आणि सोनं १४.९ टक्क्यांवर येतं, म्हणजे मर्यादेच्या आत. मध्येच सोनं आणखी चढून १७-१८ टक्के झालं तर मात्र जादा भाग विका. तेव्हा एक चूक टाळा. १.२५ लाखांची सूट फक्त शेअर आणि इक्विटी फंडांना आहे, सोन्याच्या ईटीएफला नाही. २ लाखांच्या विक्रीत १ लाख नफा असेल तर १२,५०० कर आणि त्यावर चार टक्के उपकर, एकूण १३ हजार, बाजूला काढून ठेवा. रोख्यांसाठी डेट फंड (रोख्यांत गुंतवणारा म्युच्युअल फंड) घेणार असाल तर १ एप्रिल २०२३ नंतर घेतलेल्या युनिटचा नफा कितीही वर्षांनी काढला तरी तुमच्या स्लॅबप्रमाणे करपात्र आहे. तीस टक्क्यांच्या स्लॅबमध्ये असाल तर आधी पीपीएफची दीड लाखाची वार्षिक मर्यादा भरा. पैसे महिन्याच्या ५ तारखेपर्यंत जमा झाले तरच त्या महिन्याचं व्याज मिळतं.

एनपीएस (राष्ट्रीय पेन्शन योजना) असेल तर काम आणखी सोपं. त्यात शेअर आणि रोख्यांचं प्रमाण वर्षातून चार वेळा बदलता येतं आणि आतल्या आत बदल केल्यावर कर लागत नाही. मल्टी ॲसेट फंड (शेअर, रोखे, सोनं अशा अनेक प्रकारांत गुंतवणारा) घेतला असेल तर त्यातलं सोनंही मोजणीत धरा. सेबीच्या नियमानुसार त्यात किमान तीन प्रकार, प्रत्येकी किमान दहा टक्के असावे लागतात, आणि बऱ्याच जणांचं त्यातलं सोनं मोजायचंच राहतं, मग एकूण सोनं ठरवल्याहून जास्त होतं.

तपासणीचा दिवस ठरवून ठेवा, एप्रिलचा पहिला आठवडा सोयीचा. २३ मार्च २०२० ला सेन्सेक्स एका दिवसात १३ टक्के पडला होता. त्यानंतरच्या आठवड्यात ज्यांनी कागदावरचं प्रमाण बघून रोख्यांतले पैसे शेअरमध्ये नेले, त्यांना भाकीत करावं लागलं नाही. 'अजून चढेल' याचं उत्तर आमच्याकडेही नाही, आणि ६०-३०-१० ठरवलं ते त्याच कारणाने.

प्रश्न : दुबईत नोकरी, दहा वर्षांनी पुण्याला परतणार. रोख्यांच्या भागासाठी पीपीएफ आणि फ्लोटिंग रेट रोखे घेऊ का?
– एक वाचक, दुबई

उत्तर : अनिवासी असताना नवं पीपीएफ खातं उघडता येत नाही, निवासी असताना उघडलेलं मुदतीपर्यंत चालू ठेवता येतं, पुढे वाढवता येत नाही. फ्लोटिंग रेट बचत रोखेही अनिवासींना नाहीत. तुमच्यासाठी एनआरई एफडी (परदेशातली कमाई भारतात ठेवण्याची अनिवासींची ठेव) सरळ आहे, तिचं व्याज भारतात करमुक्त असतं. एका बँकेत ५ लाखांच्या विमामर्यादेचं भान ठेवून विभागा. इक्विटी इंडेक्स फंड आणि गोल्ड ईटीएफ घेता येतात, पण केवायसी अनिवासी म्हणून बदललेली हवी. जुन्या निवासी खात्यातून एसआयपी चालू असेल तर ती आधी बंद करून बँक खातं बदला. फंड विकताना तुमचा कर मुळातच कापला जातो. जादा कापला गेला असेल तर विवरणपत्र भरूनच तो परत मिळतो.