प्रादेशिक हृदयरुग्ण रजिस्ट्रीच्या डेटावरून अँजिओप्लास्टीचा फायदा सिद्ध करता येईल का?

तुम्ही एमडी मेडिसिनला आहात. केरळच्या हृदयरुग्ण रजिस्ट्रीच्या (रुग्णालयांतून गोळा केलेल्या रुग्णांच्या नोंदींच्या) धर्तीवर चालवलेल्या एका प्रादेशिक रजिस्ट्रीतल्या साधारण 1,500 हार्ट अटॅकच्या रुग्णांचा डेटा गाईडमार्फत मिळतोय आणि अँजिओप्लास्टीमुळे मृत्यू किती घटले हे थिसिसमध्ये दाखवायचंय. माझं सरळ मत: डेटा घ्या, प्रश्न बदला.

अँजिओप्लास्टी कोणाची होते ते बघा. जो वेळेत पोचला, ज्याच्याकडे पैसे किंवा विमा होता, ज्याची किडनी शाबूत होती आणि कॅथलॅबच्या (अँजिओप्लास्टी होते त्या खोलीच्या) टेबलावर जाईपर्यंत जो जिवंत राहिला. खरी मेख या शेवटच्या अटीत आहे. कॅज्युअल्टीत पहिल्या अर्ध्या तासात गेलेला रुग्ण आपोआप 'अँजिओप्लास्टी नाही' या गटात पडतो आणि तो गट वाईट दिसायला लागतो. पहिल्या 24 तासांत वाचलेल्यांचीच तुलना केली तर हा दोष बराचसा जातो, पण निवडीचा दोष राहतोच. प्रोपेन्सिटी स्कोअर (उपचार मिळण्याची शक्यता सारखी असलेले रुग्ण जुळवायची पद्धत) लावला की काम झालं असं बरेच जण समजतात. तो फक्त फॉर्मवर असलेल्या गोष्टी जुळवतो. 'हा पेशंट काही टिकत नाही' असं सिनियरने मनात ठरवलं आणि कॅथलॅबला फोनच केला नाही, याचा कॉलम कोणत्याही रजिस्ट्रीत नसतो.

केरळचंच बघा. 2007 ते 2009 या काळात तिथल्या 125 रुग्णालयांतून 25,748 रुग्णांची नोंद झाली. रुग्णालयातले मृत्यू 3.9 टक्के, त्यातही स्टेमीच्या (हृदयाची धमनी पूर्ण बंद पडून येणाऱ्या झटक्याच्या) रुग्णांत 8.2 टक्के; आणि स्टेमीच्या जेमतेम 41 टक्के रुग्णांना गुठळी विरघळवणारं इंजेक्शन मिळालेलं. उपचारात भोकं कुठे आहेत हे त्यातून लख्ख दिसलं. ती बुजवायला पुढे 63 रुग्णालयांत एसीएस क्विक ही चाचणी झाली: भरतीच्या आणि डिस्चार्जच्या चेकलिस्ट, ठरलेल्या ऑर्डर, दर महिन्याचा ऑडिट अहवाल. 21,374 रुग्ण. मृत्यू, पुन्हा झटका, पक्षाघात किंवा मोठा रक्तस्राव यांपैकी काहीतरी 30 दिवसांत होण्याचं प्रमाण आधीच्या टप्प्यात 6.4 टक्के होतं, नंतरच्या टप्प्यात 5.3. पेढे वाटावेत असा आकडा! पण काळाचा आणि रुग्णालयांचा परिणाम हिशेबात घेतल्यावर ऑड्स रेशो (दोन्ही टप्प्यांतल्या धोक्याचं गुणोत्तर, 1 म्हणजे फरक नाही) निघाला 0.98, मर्यादा 0.80 ते 1.21, आणि 1 त्यांच्या आतच आहे. म्हणजे फरक सिद्ध होत नाही. या रचनेत सगळी रुग्णालयं एकेका टप्प्याने जुन्या पद्धतीवरून नव्यावर जातात, त्यामुळे नवी पद्धत कायम उशिराच्या महिन्यांत पडते. आणि त्या काळात उपचार तसेही सुधारतच असतात. तिथे कुठलं रुग्णालय कधी बदलणार हे चिठ्ठी टाकून ठरलं होतं, म्हणून हा हिशेब तरी करता आला. तुमच्या डेटात चिठ्ठी नाही.

रजिस्ट्रीतून उपचाराचा परिणामच मोजायचा असेल तर कोणाला कोणता उपचार याची चिठ्ठी रजिस्ट्रीच्या आत टाकावी लागते. स्वीडनच्या राष्ट्रीय हृदयरोग रजिस्ट्रीत टेस्ट (TASTE) नावाच्या चाचणीत हेच केलं: 7,244 रुग्ण, गुठळी ओढून काढणं विरुद्ध नुसती अँजिओप्लास्टी, 30 दिवसांतले मृत्यू 2.8 आणि 3.0 टक्के, फरक नाही. तुमच्या थिसिसच्या मुदतीत हे बसणार नाही.

मग काय विचारायचं? छातीत दुखायला लागल्यापासून रुग्णालयात पोचायला किती वेळ लागला, 12 तासांच्या आत पोचूनही इंजेक्शन किंवा अँजिओप्लास्टी कोणाला मिळाली नाही, डिस्चार्जच्या वेळी ॲस्पिरिन, दुसरं अँटिप्लेटलेट (गुठळी होऊ न देणारं औषध), स्टॅटिन आणि बीटा ब्लॉकर एकत्र किती जणांच्या कागदावर होतं. शक्यतो यातला मधला प्रश्न घ्या. त्याला हा डेटा पुरतो आणि त्याचं उत्तर स्थानिक रुग्णालयांच्या कामाचं आहे.

डेटा मागण्याआधी कोरा फॉर्म आणि डेटा डिक्शनरी (कोणत्या कॉलमात कोणता आकडा म्हणजे काय, याची यादी) मागा. मधुमेहाच्या कॉलमात 0 म्हणजे 'नाही', 'तपासलं नाही' की 'विचारलंच नाही'? अनेक ठिकाणी तिन्ही एकच असतात. ट्रोपोनिन (हार्ट अटॅकची रक्ततपासणी) एका रुग्णालयात नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर, दुसऱ्यात प्रति लिटर, हजारपटीचा घोळ. क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) कोणी मायक्रोमोल प्रति लिटरमध्ये दिलं असेल तर मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरसाठी 88.4 ने भागा.

वेळांचे कॉलम सगळ्यात जास्त दमवतात. नमुन्याची ओळ: दुखायला सुरुवात 14 मार्च 23:10, कॅज्युअल्टीत आगमन 14 मार्च 00:40. वजाबाकी उणे साडेबावीस तास! मध्यरात्र उलटली, पण भरणाऱ्याने तारीख बदलली नाही. आगमन 15 मार्च धरलं की 90 मिनिटं येतात. अशा ओळी एक्सेलमध्ये हाताने दुरुस्त करू नका. मूळ फाईल तशीच ठेवा, दुरुस्तीचा नियम स्क्रिप्टमध्ये लिहा आणि किती ओळी बदलल्या ते थिसिसमध्ये द्या. 30, 60, 120 मिनिटांवर आकड्यांची गर्दी दिसली तर वेळ घड्याळ पाहून नाही, अंदाजाने भरलीय असं समजा.

एकाच माणसाच्या दोन नोंदी हीसुद्धा नेहमीची भानगड. तालुक्याला इंजेक्शन देऊन शहरात पाठवलेला रुग्ण दोन्हीकडे भरला जातो, आणि पहिल्या ठिकाणी त्याचा निकाल 'जिवंत, रेफर' असा बसतो. डेन्मार्कमध्ये प्रत्येकाला दहा अंकी नागरिक क्रमांक आहे, त्यामुळे पश्चिम डेन्मार्कच्या हृदय रजिस्ट्रीतली नोंद थेट मृत्यूच्या नोंदीशी जोडता येते. आपल्याकडे नाव, वय, फोन नंबर असं जुळवत बसावं लागतं. तुम्हाला ओळख काढून टाकलेला डेटाच मिळणार, तेव्हा हे जुळवणं रजिस्ट्रीवाल्यांकडूनच करून घ्या.

रिकाम्या जागा असलेल्या ओळी सरसकट गाळू नका. तासाभरात गेलेल्याचा एलडीएल (कोलेस्टेरॉलची तपासणी) किंवा टूडी एको (हृदयाची सोनोग्राफी) नसतोच. त्या ओळी गाळल्या की मृत्यूच गळतात. फॉलोअपला फोन न उचलणाऱ्यालाही जिवंत धरू नका. आणि घरी किंवा वाटेत गेलेला माणूस रजिस्ट्रीत येतच नाही, म्हणून जिल्ह्यात दर लाखामागे किती मृत्यू असला दर यातून काढायचा नाही.

परवानगीचं थोडक्यात: रजिस्ट्रीला मिळालेली मंजुरी तुमच्या अभ्यासाला चालत नाही, आपल्या एथिक्स कमिटीकडे वेगळा अर्ज करा. ओळख काढलेल्या जुन्या नोंदी असतील तर आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार संमतीतून सूट मागता येते. लागतात तेवढेच कॉलम मागा; 'सगळा डेटा द्या' म्हटलं की फाईल अडकते.

विश्लेषणात रुग्णालय हा स्तर धरा, कारण एकाच रुग्णालयातले रुग्ण एकमेकांसारखे वागवले जातात. मृत्यूवर मॉडेल करायचाच मोह झाला तर आधी मृत्यू मोजा. 1,500 रुग्णांत 4 टक्के म्हणजे 60. दहा मृत्यूंमागे एक घटक या ढोबळ हिशेबाने सहाच घटक बसतात: वय, लिंग, किलिप क्लास (झटक्यानंतर हृदय किती निकामी झालंय याची श्रेणी), सिस्टोलिक बीपी, क्रिएटिनिन आणि पोचायला लागलेला वेळ. सातवा घालायचा असेल तर यातला एक काढा.