मुलगी कथक विशारद आहे, डान्स थेरपिस्ट होऊ शकेल का?

सांगलीहून एका आईचं पत्र आलं आहे. मुलगी मानसशास्त्र घेऊन बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, कथक विशारद आहे. एनएसएसतर्फे (राष्ट्रीय सेवा योजनेतर्फे) ती अत्याचारातून सुटलेल्या मुलींच्या निवारागृहात नाच शिकवायला जाते. तिथे एकदा हस्तक, म्हणजे कथकमधली हाताची हालचाल, नीट करायला तिने एका मुलीचा दंड धरला. ती मुलगी दचकली, कोपऱ्यात जाऊन बसली आणि पुढचे दोन रविवार आलीच नाही. लेक घरी येऊन रडली आणि म्हणाली, "मला हेच काम करायचंय." आई विचारतात: नाचून असल्या जखमा भरतात का, यात पोट भरेल का, आणि ते सगळं ऐकून माझीच मुलगी खचली तर?

ताई,

तुमच्या मुलीने तो प्रसंग तुमच्यापासून लपवला नाही, हे मला फार मोलाचं वाटतं. या कामाचा पहिला धडा त्यातच आहे. कथकच्या वर्गात गुरू हात धरून हस्तक सुधारतात, त्याचं कुणाला काही वाटत नाही. पण जिच्या अंगाला तिच्या मर्जीविरुद्ध हात लागलाय, तिला मायेचा स्पर्शही धोक्याचा वाटू शकतो. "डोळे मिटा", "जमिनीवर आडव्या व्हा" हेसुद्धा. म्हणून डान्स मूव्हमेंट थेरपीत, म्हणजे हालचालींतून मनावर उपचार करताना, विचारल्याशिवाय हात लावत नाहीत, "नको" म्हणायची खूण आधीच ठरवतात आणि स्टेप शिकवण्याऐवजी मुलीच्या हालचालीमागे जातात. ती नुसती बोटांनी ताल धरत असेल, तर थेरपिस्टही तेवढंच करते. मॅरियन चेस यांनी 1942 पासून वॉशिंग्टनच्या सेंट एलिझाबेथ्स मनोरुग्णालयात रुग्णांबरोबर या पद्धतीने काम केलं, तिथून ही शाखा वाढली.

नाटकातून उपचार करणाऱ्या ड्रामाथेरपीचंही तसंच. मुलीला स्वतःवर गुदरलेला प्रसंग करून दाखवायला लावणं हा अघोरीपणा आहे. त्याऐवजी ती गोष्टीतली वाघीण होते, पाय रोवून "थांब" म्हणते. खेळ संपला की भूमिका अंगावरून उतरवणंही शिकवावं लागतं: ओढणी बाजूला ठेवायची, स्वतःचं नाव मोठ्याने घ्यायचं.

एकट्या नाचाने जखमा भरत नाहीत. समुपदेशन, गरज पडली तर मनोविकारतज्ज्ञांची औषधं, कोर्टकचेरीत सोबत, या सगळ्याच्या जोडीने तो उपयोगी पडतो. सोहिनी चक्रवर्ती यांनी 2004 मध्ये सुरू केलेल्या 'कोलकाता संवेद' या संस्थेचं काम मुलीला जरूर वाचायला सांगा. देहव्यापारातून सुटलेल्या मुलींबरोबर त्यांनी ही थेरपी वापरली आणि त्यांतल्या काही जणी पुढे स्वतः प्रशिक्षक झाल्या. मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने याच संस्थेबरोबर डान्स मूव्हमेंट थेरपीची पदविका चालवली आहे. पुढची बॅच कधी आहे, हे संस्थेकडेच विचारा.

पण आधी बी.ए. पुरं होऊ दे, मग मानसशास्त्रात एम.ए. किंवा समाजकार्यात एमएसडब्ल्यू. आपल्याकडे दोन दिवसांची कार्यशाळा करून 'डान्स थेरपिस्ट' अशी पाटी लावणारेही आहेत. ब्रिटनमध्ये 'ड्रामाथेरपिस्ट' म्हणवून घ्यायला सरकारी नोंदणी लागते. आपल्या मुलीनेही तशी शिस्त स्वतःला लावून घ्यावी.

पैशांबद्दल स्पष्ट सांगते. पूर्णवेळ जागा थोड्या असतात आणि संस्थांचे प्रकल्प संपतात. सुरुवातीची वर्षं शाळेतलं समुपदेशन किंवा स्वतःचा कथकचा वर्ग सोबत ठेवावा लागेल.

तिसरी काळजी मला सगळ्यात खरी वाटते. अनुभवी थेरपिस्टच्या देखरेखीशिवाय तिने हे काम करू नये, आणि जे ऐकलं त्याचा भार उतरवायला तिचं स्वतःचं समुपदेशन चालू असावं. "मी कुणाला सांगणार नाही" असं वचन तिने मुलींना कधीही देऊ नये. समोरची मुलगी अठराच्या आतली असेल आणि तिने लैंगिक अत्याचाराबद्दल सांगितलं, तर पोक्सो कायद्याच्या कलम 19 प्रमाणे ते पोलिसांना कळवावंच लागतं. हे आज, ती नुसती नाच शिकवायला जाते तेव्हाही लागू आहे, त्यामुळे निवारागृहाच्या अधीक्षकांशी तिने लगेच बोलून घ्यावं. आणि देणगीदारांपुढे या मुलींचा नाच बसवून द्या असं कुणी म्हणालं, तर तिने नकार द्यावा. मी तरी देईन.

त्या न येणाऱ्या मुलीला बोलवायला कुणाला पाठवू नका. रविवारी गोल करून बसताना तिची जागा तेवढी रिकामी ठेवायला सांगा, दाराजवळची.