बी न धरणारी अबोली

प्रश्न : मी सोलापूरला राहते. गच्चीवर कुंडीत अबोली आहे, रोपवाटिकेतून आणलेली. फुलं भरपूर येतात, पण तुरे वाळले तरी आत बी सापडत नाही. माहेरी कुडाळला अबोली कुणी न लावता अंगणभर उगवायची. शिवाय हल्ली नवी पानं पिवळी पडताहेत, शिरा मात्र हिरव्याच आहेत. सासूबाई म्हणतात, रोज फुलं काढल्यामुळे झाड थकलंय. काय करू?

उत्तर : आधी सासूबाईंचं. फुलं काढल्यानं अबोली थकत नाही. तुरा खालून वर दोन-दोन, चार-चार फुलं उमलत जातो आणि असा कित्येक दिवस चालतो. काढलं नाहीत तर फुलं आपणच गळतील. फक्त हिरवा तुरा ओढू नका. फुलाची बारीक नळी चिमटीत धरून अलगद उपसा. तुरा पुरता संपला, की मगच खालच्या पानाच्या जोडीपाशी छाटा, बाजूला नवे फुटवे येतील.

आता बियांचं. तुमच्याकडची अबोली बहुतेक 'दिल्ली' जातीची असणार. गडद, एकसारखा रंग आणि भरघोस तुरे, म्हणून रोपवाटिकेवाल्यांची लाडकी. नाव दिल्लीचं असलं तरी अबोली मूळची दक्षिण भारत आणि श्रीलंकेची. या जातीत गुणसूत्रांचे 2 ऐवजी 3 संच असतात, त्यामुळे बी धरत नाही. वाट बघू नका, खत वाढवूनही उपयोग नाही. हिची रोपं फांदीपासूनच करायची. पावसाळ्याच्या तोंडाला ना कोवळी ना जून अशी चार-पाच बोटं लांब फांदी घ्या, खालची पानं काढा आणि वाळू व कोकोपीटच्या ओलसर मिश्रणात सावलीत लावा. तीन-चार आठवड्यांत मुळं फुटतात. ओल हवी, चिखल नको.

माहेरची हवी असेल तर बी माहेरूनच आणा. मला विचाराल तर तीच आणा. रंग फिका असेल, रोपारोपांत फरकही पडेल, पण ती स्वतःची सोय स्वतः करते. वाळलेल्या बोंडाला पाणी लागलं की ते टक्कन फुटतं आणि बी लांब उडतं. कुडाळच्या अंगणात पहिल्या सरीनं हेच काम केलं. बी गोळा करायचं तर वाळके तुरे डब्यात घाला, पाण्याचे थेंब शिंपडा आणि लगेच झाकण लावा. आतून टकटक ऐकू येईल. उघड्या ताटात हा प्रयोग केलात तर बी पलंगाखाली शोधावं लागेल! बी ताजंच पेरा, वर मातीचा पातळ थर पुरे. उगवायला दोन-तीन आठवडे लागतात आणि उबदार हवा लागते, म्हणून डिसेंबरात पेरू नका.

पिवळ्या पानांचं कारण बहुधा पाणी. बोअरचं घालत असाल तर त्यातल्या क्षारांनी माती अल्कधर्मी होते आणि मातीतलं लोह मुळांना घेता येत नाही. कोकणातल्या जांभ्या मातीत हा त्रास सहसा होत नाही. लिटरभर पाण्यात 2-3 ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट, यातून लोह मिळतं) आणि लिंबाचे थेंब घालून संध्याकाळी पानांवर फवारा, आठवड्यानं पुन्हा. पावसाचं पाणी साठवता आलं तर उत्तमच. कुंडी बदलताना भरपूर शेणखत आणि पालापाचोळ्याचं खत घाला, काळी माती कमीत कमी.

त्याच वेळी मुळंही बघा. बारीक गाठी दिसल्या किंवा मुळं काळी पडलेली असली, तर बहुधा सूत्रकृमी (मुळांना लागणारे सूक्ष्म कृमी) असतील. अबोलीचा हा जुना शत्रू. माती ओली असूनही झाड दुपारी मान टाकत असेल तर संशय घ्याच. ती माती दुसऱ्या कुंडीत वापरू नका. नव्या मातीत मूठभर निंबोळी पेंड मिसळा आणि शेजारी झेंडू लावा.

ऊन सकाळचं. कोकणात ती माडा-पोफळीच्या सावलीत वाढलेली, सोलापूरच्या एप्रिल-मेचं दुपारचं ऊन तिला झेपत नाही. तेव्हा हिरवी जाळी लावा किंवा कुंडी पूर्वेच्या भिंतीला सरकवा. थंडीत फुलं कमी झाली तर घाबरू नका, पाणी तेवढं कमी करा.

आणि सासूबाईंना एकदा अबोली-मोगऱ्याचा गजरा करून द्या. अबोलीला वास नसतो, तो मोगरा भरून काढतो.