कर्ज काढून परदेशात शिकायला गेल्यावर तिथे फिरावं का? साधारण किती खर्च येतो?

फिरावं. "कर्ज काढून" हे दोन शब्द मी घरच्यांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलेत की प्रश्न दिसल्यावर लिहिल्यावाचून राहवेना.

मी ऑक्टोबर 2022 मध्ये कोल्हापूरहून जर्मनीतल्या कॉटबुसला मास्टर्ससाठी गेले. कर्जाला काका जामीन राहिले होते. ब्लॉक्ड अकाउंटमधून (व्हिसासाठी वर्षाचा खर्च आधीच भरून ठेवायचं खातं) तेव्हा महिन्याला 861 युरो सुटायचे (आता 992 सुटतात), त्यात खोलीभाडं, विमा, किराणा. पहिले सहा महिने मी बर्लिनखेरीज कुठेही गेले नाही. भीतीच होती, की एक युरो इकडचा तिकडे झाला तर घरी काय सांगायचं.

मे 2023 मध्ये 49 युरोचं डॉइचलांड तिकीट सुरू झालं. महिनाभर देशातल्या सगळ्या लोकल आणि रिजनल गाड्या त्यात चालतात. मी नकाशा उघडला आणि सर्वांत जवळचं, कधी न पाहिलेलं गाव निवडलं, गोर्लिट्स. कॉटबुसहून तासाभराचा रस्ता. गावाच्या कडेने नायसे नदी वाहते. 1945 पर्यंत दोन्ही काठ मिळून एकच शहर होतं, आता पलीकडचा काठ पोलंडमध्ये आहे आणि त्याचं नाव झ्गोझेलेत्स. मधला पूल युद्धाच्या शेवटी उडवला होता, तो 2004 मध्ये पुन्हा बांधला. चालत दोन मिनिटांत देश बदलतो.

पलीकडे भूक लागली म्हणून एका बेकरीत शिरले. काउंटरवरची बाई हसून म्हणाली, "जेन दोब्री."

मी तिथेच उभी राहिले. हा शब्द मला जन्मापासून माहीत होता. माझी आजी आम्हां नातवंडांना रोज सकाळी पांघरूण ओढून उठवायची ते "जेंदोबरी, उठा आता" म्हणत. आम्हांला तो आजीचा लाडाचा शब्द वाटायचा. त्याला अर्थ असेल असं घरात कुणाच्या मनातही आलं नव्हतं. अर्थ साधाच निघाला, पोलिशमध्ये "नमस्कार, दिवस चांगला जावो".

आजीचं माहेर कोल्हापूरजवळचं वळीवडे. कोल्हापूरकरांना सांगायला नको, पण बाकीच्यांसाठी सांगते. दुसऱ्या महायुद्धात रशियाने पोलंडमधून उचलून सैबेरिया आणि आसपास नेलेली माणसं पुढे सुटली, इराणमार्गे बाहेर पडली, आणि त्यांतली सुमारे 5,000 माणसं 1943 पासून वळीवड्याच्या छावणीत राहिली. बहुतेक बायका, मुलं आणि म्हातारी माणसं. त्यांची शाळा होती, चर्च होतं. ती गेल्यावर त्याच जागेत फाळणीतून आलेले सिंधी लोक वसले आणि ते गांधीनगर झालं. आपण लग्नाचा बस्ता बांधायला जातो तेच गांधीनगर. महावीर उद्यानात त्या पोलिश लोकांच्या आठवणीचा स्तंभ आहे. त्याच्या बाजूला बसून मी शेकडो वेळा भेळ खाल्ली असेल, वर काय लिहिलंय ते कधी वाचलं नाही.

बेकरीच्या बाहेरूनच व्हिडिओ कॉल लावला. आजी तेव्हा 88 वर्षांची. मी म्हटलं, "आजी, तुझा शब्द सापडला." ती आधी गप्प बसली. मग म्हणाली, "आमचा बा कँपात दूध घालायचा. मी किटली धरून संगं जायची. त्या बाया दारात उभ्या राहून तसंच म्हणायच्या, मग आमीबी म्हणायला लागलो." त्या दिवशी ती पाऊण तास बोलली. दारात सुकत घातलेले कपडे, एका पोरीच्या दोन पिवळ्या वेण्या, एक दिवस गाड्या भरून सगळे निघून गेले ते. माझ्या आईने यातलं काहीच ऐकलेलं नव्हतं. कुणी विचारलंच नव्हतं ना.

ऑगस्टमध्ये मी वॉर्सोला गेले. आजीने सांगितलं नव्हतं, मलाच जायचं होतं. बर्लिनहून थेट गाडी आहे, पाच-सहा तास लागतात, डॉइचलांड तिकीट तिच्यात चालत नाही. महिनाभर आधी काढल्याने तिकीट स्वस्तात पडलं. दोन रात्री हॉस्टेल, जेवण बहुतेक पेरोगी, म्हणजे सारण भरून उकडलेल्या पोलिश करंज्या. सगळे मिळून 112 युरो. क्राशिन्स्की बागेच्या कडेला दुसऱ्या महायुद्धातल्या मोंते कॅसिनोच्या लढाईचं स्मारक आहे, त्याच्याजवळ कोल्हापूरच्या नावाचं स्मारक आहे. परक्या देशात, दगडावर, आपल्या गावाचं नाव. मी त्यावर हात ठेवून फोटो काढला आणि आजीसाठी म्हणून स्टेटसला लावला.

तो काकांनी पाहिला. फोन मला नाही, आईला केला. "आम्ही सही केलीया ती डिग्रीसाठी, पोलंड हिंडायला न्हवं. पोरीची जात, एकटी फिरतीय, उद्या हप्ते थकले तर माझ्या दारात बँक येणार." आई रडली. मी वयाचा मान ठेवून उत्तर दिलं नाही. ते इथे देते. चार भिंतींत बसून डिग्री घेतलेला माणूस जास्त जबाबदार आणि पूल ओलांडून गेलेला उधळ्या, हे साफ चूक आहे. मुलगी एकटी गेली म्हणून बिघडली हे त्याहून चूक.

फेब्रुवारी 2024 मध्ये आजी गेली. मला येता आलं नाही. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पंतप्रधान वॉर्सोच्या त्या स्मारकाला गेले, तेव्हा ती बातमी घरच्या ग्रुपवर सर्वांत आधी काकांनी टाकली. "कोल्हापूरचा अभिमान" असं लिहून. मी वर्षभर आधी तिथेच उभी होते, हे त्यांना आठवलं नसेल असं मला वाटत नाही.

आता तुमच्या प्रश्नाचं. दहा दिवसांत सात देश करू नका. माझ्याबरोबरची मुलं तसं फिरली, आज त्यांना प्राग कुठलं आणि बुडापेस्ट कुठलं हे फोटो पाहून सांगावं लागतं. एक जागा निवडा, हळू जा, एकदा तरी एकटे जा. जर्मनीचा रेसिडेन्स परमिट असेल तर बाकीच्या शेंगेन देशांत (एकाच व्हिसावर फिरता येणारे युरोपातले देश) 180 दिवसांत 90 दिवस राहता येतं, पण कार्डाबरोबर पासपोर्टही हवाच. झ्गोझेलेत्सला मी नुसतं कार्ड घेऊन गेले होते, ती चूक होती. ऑक्टोबर 2023 पासून पोलंडच्या सीमेवर तपासणी सुरू झाली, आणि माझ्या रूममेटला पासपोर्ट नव्हता म्हणून बसमधून खाली उतरवून तास-दीड तास बसवलं होतं.

हेही सांगायला हवं की पहिल्या सेमिस्टरला फिरू नका, परीक्षेची पद्धत कळायलाच तेवढा वेळ जातो. ब्लॉक्ड अकाउंटच्या पैशाला फिरण्यासाठी हात लावू नका, ते भाड्याचे आणि विम्याचे आहेत. विद्यार्थ्यांना वर्षात 140 पूर्ण दिवस काम करता येतं (माझ्या वेळी 120 होते), त्यातून साठवा. डॉइचलांड तिकीटही आता 49 चं राहिलेलं नाही, 2025 च्या सुरुवातीला 58 झालं आणि 2026 ला 63.

आणि काका हे वाचत असतील तर, वॉर्सोचे ते 112 युरो कर्जातले नव्हते. जुलैमध्ये मी दोन आठवडे पार्सलच्या गोदामात रात्रपाळी केली होती. पगाराची पावती अजून माझ्याकडे आहे.