येऊरचे दोन कस्तूर

प्रश्न असा आहे: ठाण्याजवळच्या येऊरच्या जंगलातल्या पायवाटेवर एकाने पाचोळ्यातल्या नारिंगी पक्ष्याला 'कस्तूर' म्हटलं, दुसऱ्याने ओढ्याकाठच्या काळ्या-निळ्या पक्ष्यालाही कस्तूरच म्हटलं. बरोबर कोण? आणि 'कस्तूराची शीळ' लिहायचं की 'कस्तुराची'?

दोघंही बरोबर. कस्तूर हे आडनाव समजा. नुसतं 'पाटील' म्हणून हाक मारली तर निम्मं येऊर ओ देईल, तेव्हा आधी नाव लावावंच लागतं.

पाचोळ्यातला तो नारिंगी डोक्याचा कस्तूर. डोकं आणि पोट नारिंगी, पाठ निळसर राखाडी. आपल्याकडच्या पोटजातीचा गळा पांढरा असतो आणि गालावरून दोन काळपट पट्टे उभे उतरतात. हिमालयातल्या भावंडांच्या गालावर ते नसतात. चोचीने पानं उलथायची, खालचा किडा टिपायचा, पुन्हा दोन उड्या पुढे.

दुसरा शीळकरी कस्तूर. मलबारी कस्तूरही म्हणतात. पहिला साधारण २१ सेंटीमीटर, हा २५. सावलीत चक्क काळा दिसतो, पण ऊन पडलं की कपाळ आणि खांदे निळे झळाळतात. पावसाळ्यात उजाडायच्या आधीच शीळ सुरू. सूर थेट माणसाचे. वर चढतात, घसरतात, रेंगाळतात, चाल मात्र कधी पुरी होत नाही. इंग्रजांनी त्याला 'आळशी शाळकरी पोर' म्हटलं. मला 'शीळकरी' जास्त आवडतं. 'निळा कस्तूर' मात्र म्हणू नये. हिवाळ्यात खडकांवर नि गच्च्यांवर येऊन बसणारा कस्तूरही निळाच असतो, मग घोळ होतो.

गंमत म्हणजे डीएनएच्या अभ्यासानंतर शीळकऱ्याची रवानगी माशीमारांच्या कुळात झाली. नारिंगी डोक्याचा मात्र कस्तूरकुळातच राहिला. म्हणजे नावाने भाऊबंद, नात्याने लांबचे. म्हणून मराठी नाव बदलावं असं मला तरी वाटत नाही. दयाळही असाच तिकडे गेला, त्याचं कोणी पुन्हा बारसं केलं नाही.

आता लेखन. 'कस्तूर'मधला 'तू' दीर्घ, पण सामान्यरूपात तो ऱ्हस्व होतो. मजूर–मजुराला, तसंच कस्तूर–कस्तुराला. तेव्हा 'कस्तुराची शीळ' हेच बरोबर. अनेकवचनात काही बदलत नाही: एक कस्तूर, दोन कस्तूर.