बिल्डरविना झोपु योजना

प्रश्न : मुंबईत आमच्या वस्तीतल्या बायकांचा बचत गट आहे. बिल्डर न नेमता झोपु (झोपडपट्टी पुनर्वसन) योजना राबवता येईल का?

उत्तर : हो, येईल. रहिवाशांची गृहनिर्माण संस्था स्वतः विकासक होऊ शकते. धारावीतली राजीव-इंदिरा सोसायटी ‘स्पार्क’ ही स्वयंसेवी संस्था आणि महिला मिलन हे वस्तीतल्या बायकांचं संघटन यांच्या साथीने अशीच उभी राहिली. आधी प्रत्येक झोपडी मोजा, क्रमांक द्या. मोफत घरासाठी १ जानेवारी २००० पूर्वीचे पुरावे लागतात. ५१ टक्के पात्र झोपडीधारकांची संमती पुरते, पण तेवढ्यावर थांबू नका. उरलेल्यांची नाराजी पुढे कोर्टात जाते. खरी अडचण पैशाची. योजनेत बाजारात विकायच्या घरांचे पैसे उशिरा येतात, पायाच्या बांधकामाचा आणि संक्रमण भाड्याचा (बांधकाम होईपर्यंत रहिवाशांना दुसरीकडे राहण्यासाठी द्यायच्या भाड्याचा) खर्च मात्र आधीच. म्हणून कर्जाला हमी देणारी संस्था सुरुवातीलाच शोधा. घर पती-पत्नी दोघांच्या नावे मिळतं. पात्र रहिवाशांच्या यादीत बायकोचं नाव आहे ना, तेही तपासा.